कबनूरपर्यंत येणारं समुद्राचं वारं

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मी आठवीचे भूगोलाचे पेपर तपासत होते. समुद्राकडून जमिनीकडे येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांबद्दल एका मुलीने लिहिलं होतं, 'हे वारे आमच्या कोल्हापुरातही येतात.' पुस्तकात तसं नाही म्हणून सवयीने फुली मारायला लाल पेन उचललं, आणि नव्या सुती साडीच्या पदराला खळीचा वास आला.

कोल्हापूरजवळच्या आमच्या कबनूरच्या, कापड विणायच्या मागाच्या शेडला हाच वास असायचा. पूर्वेचं कोरडं वारं सुटलं की सूत कडक व्हायचं आणि धागे तटातट तुटायचे. मी शाळेत असताना उन्हाळ्यात एके दिवशी माझे वडील, आप्पा, हवेत ओल यावी म्हणून दुपारभर फरशीवर पाणी मारून आणि गाठी घालून मेटाकुटीला आले होते. दिवस कलला तशी त्यांनी पश्चिमेची खिडकी उघडली. गालाला गार, ओलसर लागलं. हळूहळू माग न अडता चालायला लागले.

"आलं बघ समुद्राचं वारं," आप्पा म्हणाले.

माझा तो धडा नुकताच पाठ झालेला. "न्हाई आप्पा, ते किनाऱ्यावरच असतं. पुस्तकात हाय आमच्या."

"पुस्तकाला काय म्हाईत? सुताला इचार की!"

मी शेजारी उभ्या आईकडे बघून फस्सकन हसले. आप्पा पुन्हा मागाकडे वळले.

तापलेली जमीन समुद्रावरची हवा ओढते आणि उन्हाळ्यात ती घाट चढून संध्याकाळी आपल्यापर्यंत पोचते, हे मला कॉलेजात कळलं. तोवर आप्पा गेले होते. समुद्र त्यांनी कधी पाहिलाच नाही.

त्या मुलीला मी पूर्ण गुण दिले. आप्पांना मी हसले होते.