सांडूनानाला माईक देऊ नका

मुकुंदवाडीत कोणाच्या दहाव्याची तयारी लागली, की टेम्पो आन आचारी ठरायच्या आधी एक गोष्ट ठरायची. सांडूनानाला माईक द्यायचा नाय.

कारण तसं घडलंच होतं. कचरू पाटलाच्या दहाव्याला बोलणाऱ्यांनी पाटलाचा पार देवमाणूस करून टाकला. मंग नाना उठला आन म्हणाला, "पाटील बायकोशी धड बोलला, असं मी चाळीस वर्षांत ऐकलं नाय. बाकी मानूस ठीक व्हता." पाटलीण तेवढी पदराआड हसली, असं बाया सांगतात.

नाना मूळचा कन्नड तालुक्यातल्या खेड्यातला. चिकलठाण्याला एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासायला होता. एखादा भाग मापाला केसभर कमी-जास्त निघाला, की बाजूला फेकायचा. मंग साहेब किती का बोंबलंना. तीच सवय जिभेला लागली. नव्या नवरीनं पाया पडून हौसेनं विचारावं, "नाना, साडी कशी दिसती?" आन नानानं म्हणावं, "रंग तुला शोभत नाय. कापड मात्र चांगलंय."

त्याची बायको मुक्ताबाई कावून जायची. "तुमच्यापायी मला हळदीकुंकवाला कोणी बोलवीना."

"बरंच झालं की. त्यांचे पोहे खारटच असतात."

अशा माणसाचा जिवाभावाचा दोस्त कोण, तर मोतीराम. एकाच गावचे दोघं, इथंबी भिंतीला भिंत लागून घरं. मोतीराम रिक्षा चालवायचा, आन खोटं असं बोलायचा की ऐकणाऱ्याची तब्येत सुधारावी. दवाखान्यात निघालेलं माणूस रिक्षात बसलं, की आरशातून बघत म्हणायचा, "मावशी, काहून घाबरता? हाच आजार व्हता एकाला, कालच माझ्या रिक्षातून हसत घरी गेला." रोज कोणीतरी कालच हसत घरी गेलेलं असायचं. पण रडत बसलेली मावशी उतरताना डोळे पुसून उतरायची, हेबी तितकंच खरं.

संध्याकाळी ओट्यावर दोघांची जुंपायची.

"सांड्या, तुझ्यासारखी सगळी झाली ना, तर कोणी कोणाच्या दारात पाणी प्यायला जायचं नाय."

"आन तुझ्यासारखी झाली तर पाणी हाये का घासलेट, तेबी कळायचं नाय."

तीस वर्षं हा खटला चालला. निकाल काही लागला नाय.

मंग मोतीरामच्या किडन्या गेल्या. दवाखान्यात भेटायला येणारा जो तो म्हणायचा, चार दिवसांत घरी जाशील. मोतीरामला असलं बोलणं ओळखायला काय लागतंय? जन्मभर त्यानंच तर वाटलं होतं. एका दुपारी त्याची बायको वच्छलाबाई चहा आणायला खाली गेली, तवा त्यानं नानाचा हात धरला.

"सांड्या, तू खोटं बोलत नायस. मी उठतो का रं यातून?"

सकाळीच डॉक्टरनं नानाला आन मोतीरामच्या पोराला, अतुलला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. दोन दिवस, लई झाले तर तीन. खरं नानाच्या ओठापर्यंत आलं होतं. पण तो हात सुयांनी काळानिळा पडलेला, आन त्याची पकड पोरानं यात्रेत धरावी तशी.

"उठशील की. रंग बघ कसा सुधारलाय," नाना म्हणाला.

मोतीराम त्याच्याकडं बघत राहिला. "बरं," म्हणाला, आन भिंतीकडं वळला.

मोतीरामला एक पोरगी, निशा. चार वर्षांमागं तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तवापासून जगाशी गोड बोलणाऱ्या बापानं तिच्याशीच बोलणं टाकलं होतं. राहत होती वाळूजला, म्हणजे एकाच शहरात. दुसऱ्या दिवशी ती धावत दवाखान्यात आली, तर मोतीराम शुद्धीत नव्हता. नानानं जिन्यात उभं राहून तिचं रडणं ऐकलं. तिसऱ्या दिवशी मोतीराम गेला.

नानाच्या मनानं घेतलं ते घेतलंच. आपण खरं बोललो असतो, तर त्यानं त्याच दिवशी लेकीला हाक मारली असती. हयातीत एकदा खोटं बोललो, ते बाप-लेकीच्या आड आलं. पुढचे दहा दिवस त्यानं टेम्पो ठरवला, किराणा आणला, सगळं केलं. पण मोतीरामच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाय.

दहावा पैठणला, गोदावरीच्या घाटावर. विधी उरकला आन भाषणं सुरू झाली. वॉर्डातला एक पुढारी उठला, घसा साफ करून म्हणाला, "मोतीरामभाऊंनी आपल्या आयुष्यात कधी खोटा शब्द उच्चारला नाही!" मागं बसलेल्या रिक्षावाल्यांना एकदमच खोकला आला.

तेवढ्यात बायांमधून वच्छलाबाईचा आवाज आला. "अतुल, माईक सांडूभाऊजींना दे."

"आई, अगं तू पन..."

"दे म्हनते ना! दहा दिस गोड ऐकून कान किटले माझे. माझ्या मानसाबद्दल कोणी बोलनार हाये का नाय?"

नानानं माईक धरला. मुक्ताबाईनं डोळे मिटून घेतले.

"मोत्या खोटारडा व्हता," नाना म्हणाला. "रोज खोटं बोलायचा. पन त्यातून त्याला सवताला कधी काय भेटलं नाय. भेटलं ते समोरच्याला. मला हे त्याच्या तोंडावर कधी म्हनता आलं नाय. शेवटाला त्यानं मला इचारलं, मी उठतो का. मला डॉक्टरनं सांगितलेलं व्हतं. तरी मी म्हनलं, उठशील." नाना बायांकडं वळला. "निशा, माय, मी खरं बोललो असतो तर बाप तुझ्याशी बोलून गेला असता. ते माझ्यापायी हुकलं. झालं माझं बोलून."

निशा बायांमधून उठली. "काका, बाबांचा फोन आला होता मला."

"कवा?"

"त्याच दुपारी. तुम्ही गेल्या गेल्या. म्हणाले, सांड्या माझ्याशी गोड बोलला, आता माझं काही खरं नाही. उद्या ये." तिला हसू आन रडू संगतीच आलं. "अर्धा तास बोललो आम्ही. आधी लई रागावले, मग रडले."

नाना माईक धरून तसाच उभा. वच्छलाबाईनं तिथूनच झाडलं, "घरात आला असता तर मीच सांगितलं असतं. दहा दिस चोरासारखे दारातूनच पळताय!"

"म्हंजे," नाना म्हणाला, आन माईक चालूच होता, "मला धड खोटंबी बोलता येत नाय."

आधी रिक्षावाले हसले, मंग सगळा घाट हसला. पुढारीबी हसला. कशाला ते त्याला कळलं नसावं.

जेवणाच्या पंगतीत वच्छलाबाई नानासमोर येऊन बसली. तिच्या पत्रावळीवरचं सगळं वाढलं तसंच होतं.

"भाऊजी, जो तो म्हनतो, होईल सगळं ठीक. तुम्ही सांगा. माझं एकटीचं कसं व्हईल?"

मुक्ताबाईनं नानाला कोपरानं ढोसलं. नानानं घास खाली ठेवला.

"पहिलं वरीस लई जड जाईल, वहिनी. संध्याकाळी जास्त. मलाबी."

"आन मंग?"

"मंगचं मला म्हाईत नाय."

वच्छलाबाईनं मान डोलावली. "वाढ गं निशा थोडा भात," म्हणाली, आन दहा दिवसांत पहिल्यांदा पोटाला लागेल एवढं जेवली.