धुकं होतं म्हणायचं

मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, एका जुन्या कॅलेंडरातलं कांचनजंगा चिकटवलेलं होतं. वर्ष संपलं तेव्हा आईने तारखा कापून टाकल्या आणि डोंगर ठेवला. फोडणीच्या धुराने तो पार पिवळा पडला होता. खिडकीतून येऊरचे डोंगर दिसायचे, पण त्यांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. "एकदा खरा बर्फाचा बघायचाय," म्हणायची.

मी नववीत असताना बाबांना ऑफिसकडून प्रवासखर्चाची एलटीसी मिळाली आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं दार्जिलिंगला गेलो. आईच्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती. निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं तिने टाळलं, आणि आम्ही टाळू दिलं. याचा मला अजून राग येतो, तिघांचाही. दुसऱ्याच दिवशी हॉटेलचा जिना चढताना तिचे ओठ निळे पडले.

त्यामुळे टायगर हिलवर सूर्योदय बघायला बाबा आणि मीच गेलो. रजईतून ती म्हणाली, "नीट बघून या गं. आल्यावर मला सगळं सांगायचं."

आणि दिसलं. ढगाचा ठिपका नव्हता. आधी नुसतं टोक उजळलं, भट्टीतून काढलेल्या विटेसारखं लाल, मग तो रंग हळूहळू खाली उतरत गेला. बाबा माझा हात घट्ट धरून उभे होते. मी हट्ट केला म्हणून शेजारच्या एका बंगाली गृहस्थांनी आमच्या कॅमेऱ्यावर आम्हा दोघांचा फोटो काढला.

उतरताना जीपमध्ये बाबा एकदम म्हणाले, "आईला सांगू नकोस. जिवाला लावून घेईल. धुकं होतं म्हणायचं."

आम्ही तसंच सांगितलं. आई हसली. "चला, म्हणजे माझं एकटीचंच नाही गेलं." बाबांनी माझ्याकडे बघितलं, बघ, म्हटलं नव्हतं का, अशा नजरेने.

फोटोचं मात्र ते साफ विसरले. आमच्याकडे छत्तीस फोटोंचा ब्लॅक अँड व्हाइट रोल संपवल्याशिवाय धुवायला टाकायची पद्धत नव्हती. उरलेले सहा फोटो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला संपले आणि रोल आईनेच स्टेशनजवळच्या स्टुडिओत दिला. पाकीट घेऊन ती घरी आली तेव्हा मी ओट्याशी चहा करत होते. एकेक फोटो बघता बघता ती थांबली. मी मागून डोकावले. माकडटोपी घातलेली मी, मफलरमधले बाबा, आणि आमच्या मागे, अख्खंच्या अख्खं, कांचनजंगा.

ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. तो एक फोटो तिने कपाटातल्या साड्यांखाली, अंथरलेल्या कागदाच्या खाली सरकवला आणि बाकीचे अल्बममध्ये लावले. रविवारी शेजारच्या काकू अल्बम बघायला आल्या. "अगं, आणि कांचनजंगा?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "कुठलं हो! आमच्या नशिबी धुकं." बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

पुढच्याच पावसाळ्यात तिला हॉस्पिटलात ठेवलं. एका दुपारी बाबा थर्मास घेऊन खाली चहा आणायला गेले. तिने मला जवळ बोलावलं. दम लागत होता, शब्द तुटत होते.

"त्या फोटोत रंग कळत नाही गं. कसा होता?"

मला रडू आलं. सावरायला वेळ लागला, नको तितका. "आई, तो..." एवढंच तोंडातून निघालं आणि बाबा दारात आले.

"काय चाललंय मायलेकींचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो," आई म्हणाली. "हिच्या शाळेचं." आणि तिने माझा हात दाबला, गप्प राहा म्हणून.

त्यानंतर आम्ही दोघी एकट्या अशा सापडलोच नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

भेटायला आलेल्यांना बाबा सांगायचे, "हौसेने नेलं होतं हो तिला. पण नेमकं धुकं पडलं. नाही का गं?"

मी म्हणायचे, "हो. काहीच दिसलं नाही."