सूनबाई आणि समोरच्या गाडीचा डिपर

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते आणि त्या दिवशी जळगावात भाड्याचा ड्रायव्हर औषधालाही सापडत नाही. ज्याला त्याला आपलं गाव गाठायचं असतं. सकाळी मी ओळखीच्या तिघांना फोन केले, तिघेही निघून गेलेले. त्यातल्या एकाने उलट मलाच विचारलं, "ताई, तुम्ही अजून घरीच?"

घरीच होतो, कारण आमचे चिरंजीव आडवे झाले होते. सात वर्षं इंग्लंडात उकडलेल्या भाज्या खाल्लेला हा माणूस आदल्या रात्री मित्रांबरोबर ढाब्यावर गेला आणि तर्रीदार शेवभाजी वाट्यावाट्यांनी प्यायला. पहाटेपासून त्याची ये-जा सुरू होती. यजमान तयारीसाठी आदल्या दिवशीच गावी गेलेले. मला गाडी येत नाही. एसटी खचाखच भरलेली, आणि त्याची अवस्था पाहता एसटीचं नावही काढण्यात अर्थ नव्हता.

"मी चालवते," सूनबाई म्हणाली.

सूनबाई इंग्रज, मराठी नवऱ्याकडून शिकलेली. लग्न तिकडेच झालं होतं आणि सासरी ती पहिल्यांदाच येत होती. तिकडून निघताना तिने तिचं लायसन आणि त्याच्या जोडीला एक करड्या रंगाचं पुस्तक आणलं होतं. परदेशात पाहुणा म्हणून गाडी चालवायला ते चालतं म्हणे. "तिकडेही डावीकडूनच चालवतात, आई," तिने मला समजावलं. डावीकडूनच हे खरं, पण कोणाच्या डावीकडून हे जळगावात जो तो ठरवतो, हे तिला कसं सांगायचं?

जाणं भाग होतं. कानबाईच्या प्रसादाचे जाड रोट घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून घेतलेल्या धान्याचे असतात. मुलाच्या नावाची मूठ दळून झाली होती, तो कितीही पिवळा पडला असला तरी घासभर रोट त्याच्या तोंडात जायला हवा होता. पण माझ्या जिवाला घोर होता तो वेगळाच. हे रोट भावकीबाहेर कोणाला देत नाहीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही आमच्याकडे देत नाहीत. लग्नाची बातमी कळवली तेव्हा माझी मोठी जाऊ फोनवर एवढंच म्हणाली होती, "येवू दे तिले. रोटनं मंग पाहू." आमच्या घरात देवीचा कारभार तिच्या हाती, आणि तिने पानात रोट वाढला नाही तर सूनबाई जन्मभर पाहुणी राहणार होती. पोरगी तर आठवडाभर नऊवारी नेसायचा सराव करत होती.

निघालो. मागच्या सीटवर चिरंजीव उशी पोटाशी धरून, पुढे मी पट्टा आवळून. हायवेला लागेपर्यंत मी डोळे मिटूनच घेतले. नऊवारीतली पोरगी मात्र थंड. रिक्षा आडवी आली, थांबली. म्हैस आडवी आली, तिलाही जाऊ दिलं. हॉर्न काही वाजवेना. मी म्हटलं, "अगं, वाजव, लोकांना कळत नाही आपण आलोय." ती म्हणाली, "समोरचा रागावेल ना." इकडे हॉर्न वाजवला नाही तरच लोक रागावतात, हे तिला एरंडोलपर्यंत पटलं. मग तिने एकदा वाजवला, आणि लगेच पुढच्या मोटारसायकलवाल्याची काचेतून माफी मागितली.

पारोळ्याच्या अलीकडे पोलिसांनी हात दाखवला. त्या करड्या पुस्तकावर माझा काडीचा विश्वास नव्हता. हवालदाराने ते उलटंसुलटं करून पाहिलं. आत नाना भाषा, मराठी तेवढी नाही. मी घाईघाईने म्हटलं, "पाहुण्या आहेत हो, इंग्लंडच्या." त्याने फोटो पाहिला, तारीख पाहिली, गाडीचा विमा मागितला, साहेबांना दाखवून आला आणि पुस्तक तिच्या हातात देत म्हणाला, "बरोबर आहे सगळं. सावकाश जा, मॅडम." माझा जीव भांड्यात पडला. मागून उशीतून आवाज आला, "आई, पाहुण्या काय? बायको आहे माझी." मी पट्टा पुन्हा आवळून घेतला.

धुळ्याच्या अलीकडे गावचा फाटा. तिथून आत एकेरी रस्ता आणि नाल्यावर एक अरुंद फरशी, म्हणजे बुटका पूल, कठड्याचा पत्ता नाही, खाली श्रावणातलं गढूळ पाणी. पलीकडून दुधाचा टेम्पो येत होता. त्याने डिपर मारला. लाईट दोनदा उघडझाप. आपल्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: मी आलो, तू थांब. सूनबाईचा चेहरा मात्र खुलला. "किती चांगला माणूस!" म्हणत तिने त्याला हात केला आणि गाडी सरळ फरशीवर घातली.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण मुलगा ताडकन उठून बसला. फरशीच्या मधोमध दोन्ही गाड्या कचकन थांबल्या. मधे एक माणूस उभा राहील एवढीच जागा. माझ्या बाजूच्या खिडकीतून खाली पाहिलं तर नुसतं पाणी.

टेम्पोवाला उतरला. "मी डिपर मारा ना! दिखनं नई का?" सूनबाई पांढरीफटक. ती मुलाला विचारत होती, "त्यानेच तर आधी जा म्हटलं ना?" तेव्हा कुठे उलगडा झाला. तिच्या देशात लाईट दाखवतात ते समोरच्याला आधी वाट द्यायला. आपण दाखवतो ते वाट घ्यायला.

टेम्पोवाला तिच्या खिडकीशी आला. "कोन शे ही? गाडी कोनी दिधी हिले?"

माझं डोकंच फिरलं. "मन्ही सून शे!" मी माझ्या सीटवरूनच ओरडले. "कानबाईले घर लई चालनू तिले. तुले काही तकलीफ शे का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, नऊवारीकडे पाहिलं. "मंग पहिले सांगो ना, अक्का," म्हणाला आणि टेम्पो मागे घेतला. सूनबाई इंच-इंच करत पलीकडे गेली, गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गाडीला ओरखडाही नव्हता. आम्ही तिघंही धड होतो. मला हसू येत होतं आणि आवरत नव्हतं.

घरी पोहोचलो तेव्हा जाऊबाई ओट्यावरच होत्या. "या, बसा. पानी घ्या," त्या सूनबाईला म्हणाल्या. खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. इतका मानपान, की माझं तोंड उतरलं. आमच्यात असं पाहुण्यांनाच करतात.

पूजा झाली, पानं मांडली. पुरण आलं, खीर आली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आली. रोटाची परात घेऊन जाऊबाई एकेकाच्या पानाशी वाकत येत होत्या. मुलाला वाढताना त्यांनी त्याचा पडलेला चेहरा पाहून कारण विचारलं. त्या गाढवाने शेवभाजी सोडून फरशीचीच कथा रंगवून सांगितली. डिपर, नाला, सगळं.

जाऊबाई सूनबाईच्या पानापुढे थांबल्या.

"येडी शे का वं तू?" त्या कडाडल्या. "त्या फरशीवर कसाले गाडी घाली? काही व्हई जातं म्हंजे? आक्खं घर आठे वाट पाही राहिनं!" आणि परातीतला सगळ्यात मोठा रोट उचलून त्यांनी तिच्या पानात आदळला. "खाय आते गुपचूप. टाकानं नई."

सूनबाईचे डोळे भरून आले. ती माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "फार रागावल्या का?"

"फार," मी म्हटलं, आणि मला इतकं बरं वाटलं की पहिल्या घासालाच ठसका लागला.