मॅडमनी तोंडाला ॲसिड लावलं

चहा घ्या आधी, गार होईल. मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे, आणि मला आता रागवायचंही त्राण राहिलेलं नाही. हसा बिनधास्त. अर्धं लातूर हसून बसलंय, तुम्ही काय वेगळे?

तर, मी केमिस्ट्री शिकवते. लातुरातल्या एका मेडिकल-प्रवेशाच्या क्लासमध्ये, एकोणीस वर्षं झाली. दिवसाला सहा बॅच. तोच फळा, तोच मोल कन्सेप्ट, तोच विनोद, आणि त्या विनोदावर मुलं आता हसतही नाहीत, वहीत उतरवून घेतात! नवरा नांदेडला नोकरीला. शनिवारी येतो. तो आला की मी झोपते.

आणि अशा या दमल्याभागल्या बेचाळिसाव्या वर्षी मला मुरूम आले. हनुवटीवर, गालावर, कपाळावर. शुद्ध मराठीत त्यांना तारुण्यपीटिका म्हणतात. तारुण्य केव्हाच गेलं, पीटिका तेवढ्या उशिरानं पोचल्या.

एरवी मी लक्षही दिलं नसतं. पण सोमवारी आमच्या सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, जाहीर केलं, "मॅडम, यंदा फ्लेक्सवर तुमचा बी फोटो टाकू. रविवारी फोटोग्राफर बोलवलाय."

तुम्ही लातूरबाहेरचे असाल तर सांगते. आमच्याकडं मास्तरांचे फोटो चौकाचौकात लागतात, निवडणुकीला उभे राहिल्यासारखे. एकोणीस वर्षं तिथं एकटे सर, हाताची घडी घालून. माझं नाव खाली, बारीक अक्षरात. आता मी दिसणार होते! आणि दिसणार होती ही हनुवटी?

त्याच दिवशी दुपारी स्किनच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टर वैष्णवी, माझीच जुनी विद्यार्थिनी. तिनं नीट बघितलं आणि एक ट्यूब लिहून दिली. ॲझेलाइक ॲसिड.

"मॅडम, मटाराच्या दाण्याएवढं घ्यायचं. रात्री तोंड धुवून, कोरडं करून लावायचं. सुरुवातीला एक दिवसाआड. वरून मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. थोडं चुणचुणेल, घाबरू नका."

"फरक कधी पडेल?"

"दोन-तीन महिने धरा."

"अगं, माझ्याकडं सहा दिवस हायेत!"

"मॅडम," ती शांतपणे म्हणाली, "हे क्रॅश कोर्समधी होत नसतंय."

आता सांगा, जिला मी ॲसिड म्हणजे काय हे शिकवलं, ती मला ॲसिड कसं वापरायचं ते सांगणार? मी मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःचा अभ्यासक्रम आखला. कॉन्सन्ट्रेशन वाढवलं की रिॲक्शनचा वेग वाढतो. अकरावीचं लेकरू सांगेल! सोमवारी एक मटार लावला. मंगळवारी सकाळ-संध्याकाळ मिळून पाच मटार. बुधवारी दुपारी एक ते चार मला बॅच नसते, तेव्हा मी तोंडावर अख्ख्या मटारभाजीचा थर दिला आणि पंख्याखाली आडवी झाले.

आधी चुणचुणलं. मग खाजलं. मग असं वाटलं की गालावर कोणीतरी हिरव्या मिरचीचा ठेचा वाटतंय.

साधा माणूस काय करेल? पाण्यानं तोंड धुईल. पण मी साधी माणूस कुठं, मी केमिस्ट्रीची मॅडम! माझ्या थकलेल्या डोक्यात आपोआप फळा उघडला. ॲसिड अधिक बेस बरोबर मीठ अधिक पाणी. न्यूट्रलायझेशन! स्वयंपाकघरात गेले, ढोकळ्यासाठी आणलेल्या खायच्या सोड्याचा डबा काढला, पाण्यात कालवून छान दाट लेप केला आणि तोंडावर चोळला. गोलगोल चोळला. रिॲक्शन पूर्ण व्हायला ढवळावं लागतं ना!

पाच मिनिटांनी आरशात बघितलं. मुरूम दिसत नव्हते. कारण आता सगळा चेहराच एक मुरूम झाला होता. लाल, सुजलेला, चकाकणारा. एक डोळा अर्धा मिटलेला.

आणि चार वाजता बॅच! मी सरांना फोन लावला. ओठ हलवले की गाल ओढायचे, म्हणून मोजकंच बोलले.

"सर, चारची बॅच नाही जमणार. तोंडाला ॲसिड लागलंय. आग व्हायलीय."

"काय? ॲसिड? आपल्याकडं तर लॅबच न्हाई! कुठून आलं?"

"तसं नाही सर, मीच..."

फोन कट.

बघा, आमचे सर फिजिक्सचे. त्यांना ॲसिडबद्दल एकच गोष्ट पक्की ठाऊक, की भरपूर पाणी ओतायचं. दहा मिनिटांत ते रिक्षातून आले, आणि सोबत क्लासमधला पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार! मी दार उघडलं. "सर, ऐका तरी..." म्हणेपर्यंत अख्खा जार डोक्यावर. साडीसकट. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडल्या, "आग लागली का ओ?" सर म्हणाले, "मॅडमच्या तोंडावर ॲसिड पडलं!" काकूंनी पण वरून एक बादली ओतली. शेजारधर्म!

नाकातोंडात पाणी गेल्यावर माणूस खुलासा कसा करणार? रिक्षात बसल्यावर मी खोकत-खोकत सांगितलं, "सर, क्रीम होतं. क्रीम."

सर खाली बघून म्हणाले, "मॅडम, मी अहमदपूरला तुमच्या आईला फोन केला की ओ."

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या वेळी मी शाळकरी होते. त्या पहाटेपासून आमच्या आईला एक सवय लागली आहे. वाईट काही कानावर पडलं की आधी घराबाहेर पळायचं, मग विचारायचं काय झालं ते. मी लगेच फोन लावला. उचलला भावानं. आई निघाली होती, मोबाइल देवघरात ठेवून.

दवाखान्यात वैष्णवीनं मला बघितलं आणि खुर्चीवरून उठलीच.

"मॅडम! किती लावलं?"

"जरा जास्त झालं."

"जास्तीनं आग होईल, लाल होईल. पण हे असं? अजून काय लावलं?"

मी खिडकीकडं बघत म्हणाले, "सोडा."

"कसला सोडा?"

"खायचा. न्यूट्रलाइज करायला."

तिनं पेन खाली ठेवलं. मग फार हळू आवाजात, जणू मीच शेवटच्या बाकावर बसलेय, म्हणाली, "मॅडम, कातडी स्वतःच जरा ॲसिडिक असती. तुम्ही क्रीम नाही, कातडी न्यूट्रलाइज केली."

तिनं दीड तास थंड पट्ट्या ठेवल्या, एक साधं मलम लावलं, आणि आठ दिवस ट्यूबला हात लावायचा नाही म्हणाली. सर बाजूला उभे राहून हिशोब करत होते, की आठ दिवस म्हणजे रविवार गेला. मग मला धीर देत म्हणाले, "काही टेन्शन घेऊ नका मॅडम. आपण पाठमोरा फोटो काढू. फळ्यावर लिहिताना!"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि आई आत आली. केस सुटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. अहमदपूरपासून ती जीपमध्ये रडत आली होती; दवाखान्याचा पत्ता वरच्या काकूंनी दिला. जीपमधली बाकीची माणसंही रडली म्हणे, ओळख नसताना. तिनं माझं तोंड धरलं, डोळे तपासले, कान तपासले.

"कशानं झालं गं माय? कोण केलं?"

हा प्रश्न मला नको होता. मी म्हणाले, "आई, मीच."

आणि मग सगळं सांगावं लागलं. फ्लेक्स, मटार, थर, सोडा. आई ऐकत होती. रडणं हळूहळू थांबलं, पण चेहऱ्यावर सुटकेच्या जागी काहीतरी वेगळंच दिसायला लागलं. तिनं पदरानं डोळे कोरडे केले, खुर्चीत बसली आणि वैष्णवीकडं वळली.

"डॉक्टरीणबाई, एक इचारू का? हिच्याकडं शिकून लोकाची लेकरं डॉक्टर होतेत म्हनं. खरं हाय का?"

"हाव काकू," वैष्णवी म्हणाली. "मी बी मॅडमकडंच शिकले."

"मग कशी झालीस गं बाय?"

वैष्णवीनं माझ्याकडं बघितलं. मी सुजलेल्या डोळ्यानं तिला विनवलं. एकोणीस वर्षांची नोकरी त्या एका डोळ्यात गोळा केली होती.

पण लेकरू प्रामाणिक.

"बायोलॉजीनं तारलं, काकू."