पाचोडच्या नावापुढं अकरा वाजता

मैत्रिणींनो, आज दुपारपासून मी घरात असून घरात नाही.

आपल्या शहरात कॅन्सरचे उपचार सोपे कसे करायचे, याची सभा होती. डॉक्टर, महापालिकेचे लोक, एसटीचे साहेब आले होते आणि आमच्या भजनी मंडळालाही बोलावलं होतं. मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना सोबत नेलं. त्या पाचोडहून रोज इथल्या दवाखान्यात शेक, म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन, घ्यायला येतात. नंबर नऊचा आणि बस पोचते दहाला, म्हणून पहाटेच निघून मिळेल ती गाडी धरतात. या आठवड्यात दोनदा गाडी मिळाली नाही, बसनं आल्या आणि शेक न घेताच परत गेल्या.

एसटीचे साहेब म्हणाले, "बस लवकर सोडता येते का, बघतो."

जाऊबाई उठल्या. "बस कशाला हलवता? नंबर उशिरा द्या की. मशीन काय दहाला झोपतं व्हय?"

सगळे हसले. डॉक्टरीणबाईंनी मात्र भिंतीवर लावलेल्या गावांच्या नकाशात पाचोडच्या नावापुढं लिहिलं, 'अकरा वाजता'.

निघताना जाऊबाई म्हणाल्या, "उद्या देवापुढं दिवा लावून निघते गं. पहाटेच्या पळापळीत राहूनच जायचा, लई दिवस झाले."

तेव्हापासून डोळे मिटले की तो नकाशा दिसतो, एकेका गावापुढं दिवा लागलेला.

तुमच्या गावापुढं किती वाजता लिहायचं?