कच्चा भुसा

वाफ्यात पाय ठेवण्याआधी बाबाजी उकिडवे बसत आणि उजव्या हाताची मागची बाजू मातीला लावत. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी. मग माझ्याकडे न बघताच सांगत, "ताप आहे साहेब. मातीले उघडी नका ठेवू."

पहिल्यांदा मला हसू आले होते. नागपूरच्या मार्च महिन्यात ताप कोणाला नसतो?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सक्करदऱ्याच्या तलावापासून जवळच आमची सरकारी क्वार्टर्स होती. दहा-बारा बैठी घरे, दोन-दोन घरांत एक भिंत सामाईक, आणि प्रत्येक घरापुढे चार वाफे मावतील एवढी बाग. त्यातल्या आठ बागा ते एकटे सांभाळत. सगळे त्यांना बाबाजी म्हणत. मुळात ते माळी नव्हतेच, उमरेडचे विणकर. घरचे हातमाग बंद पडले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. बायकोला घेऊन ते नागपुरात आले, तलावापलीकडे एक खोली घेतली आणि हातात खुरपे धरले.

बोलणे मात्र विणकराचेच राहिले. "उन्हाळ्यात मातीले वाकळ पाहिजे, पावसाळ्यात नुसता पंचा," असे ते म्हणत. मातीवर काय पांघरायचे हे ठरवताना त्यांचा चोखंदळपणा लुगडे निवडणाऱ्या बायकांना मागे टाकणारा होता. सागाचे पान ते आख्खे टाकू देत नसत. पाणी वरच्या वर वाहून जाते, म्हणून आधी चुरडायचे. चिंचेचा पाला वाऱ्याने उडतो, तो ओल्या तणसाखाली, म्हणजे भाताच्या पेंढ्याखाली. वांग्याला कडुनिंब. आणि सर्वात लाडके म्हणजे संत्र्यांच्या पेट्यांतून निघालेले तणस. फळबाजारातून त्याचा भारा ते डोक्यावर घेऊन येत, आणि मग दिवसभर त्यांच्या अंगाला संत्र्यांचा वास येई. भारा आधी अंगणात झोडपायचा, गवताचे बी गळून पडावे म्हणून. मग चार बोटे जाड थर.

माझी बायको एकदा मिरचीच्या रोपाच्या बुडाशी तणस दाबून बसवत होती. त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून दाखवला. "बाई, गळा मोकळा ठेवा त्याचा. गुदमरून मरते."

इतक्या कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला वाटते, याच्या मनाला फारसे काही लागत नसेल. तुम्हालाही कधी ना कधी असे वाटले असेल. मला तर ते सोयीचेच होते.

एका वर्षी फेब्रुवारीत माझे साडू पुण्याहून येणार होते. बाग नीटनेटकी दिसावी असे मला फार वाटत होते. ओळखीच्या एकाची लाकूड चिरायची आरा मशीन होती, तिथून मी गाडीभर लाकडाचा भुसा आणवला. ताजा, तांबूस, गालिच्यासारखा. भुशाने ओल टिकते असे मी कुठेतरी वाचलेही होते.

बाबाजींनी मूठभर भुसा उचलला, हुंगला आणि परत टाकला. हा कच्चा आहे, ते म्हणाले. सडता सडता मातीचाच जीव खाईल. कोपऱ्यात शेणासोबत वर्षभर पडू द्या, मग सोने होईल. आणि काही झाले तरी भिंतीजवळ नको, उधई, म्हणजे वाळवी, लागेल.

"बाबाजी," मी म्हणालो, "मी सांगतो तसं करा. पार भिंतीपर्यंत टाका. मधे मोकळी जागा चांगली दिसत नाही."

"घर तुमचं आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी तो भुसा पसरला. हलगर्जीने नाही, रागाने नाही. कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही, असा.

साडूंनी बागेची तारीफ केली. मार्च संपता संपता मिरची पिवळी पडली. वांग्यांची पाने कागदासारखी झाली. आणि एप्रिलात एका सकाळी शेजारचे ओव्हरसियर ओरडतच बाहेर आले. त्यांच्या दाराची चौकट खालून पोकळ झाली होती. उधईची मातकट रेघ आमच्या वाफ्यातून निघून सामाईक भिंतीवरून सरळ त्यांच्या दारापर्यंत गेली होती. चार शेजारी जमले. हे भिंतीला भुसा लावण्याचे डोके कोणाचे, असे त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "माळ्यानं टाकला. मी ऑफिसात होतो."

बाबाजी कुंपणापलीकडे बसून खुरपत होते. खुरप्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. त्यांनी ऐकले की नाही, हे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला विचारत राहिलो. जसे काही मला उत्तर माहीतच नव्हते.

पंधरा दिवसांत एकेक करून सात घरांनी त्यांना येऊ नका म्हणून सांगितले. माझी बायको मला म्हणाली, खरे सांगून टाका. मी म्हणालो, आता काय उपयोग. खरी गोष्ट अशी की रोज सकाळी त्यांना वाफ्याशी वाकलेले पाहणे मला जड जात होते. एके दिवशी मीही त्यांना म्हणालो, "सध्या राहू द्या बाबाजी. उन्हाळा आहे, नंतर बघू."

ते "बरं" म्हणाले. नळाखाली आमचे खुरपे धुतले, पायरीवर ठेवले आणि गेले.

मेच्या अखेरीस त्यांची बायको फाटकाशी येऊन उभी राहिली. आमच्या पडवीत त्यांचा बियांचा पत्र्याचा डबा होता, तो न्यायला. ती आता उमरेडला भावाकडे राहणार होती. सावलीत बसवून पाणी दिल्यावर तिने सगळे सांगितले. इथली घरे सुटल्यावर ते वाडीला एका गोदामात फाटकी पोती शिवायला जाऊ लागले होते. वाडी म्हणजे शहराचे पार दुसरे टोक. विणकराचा हात, म्हणून काम लगेच मिळाले. डोक्यावर पत्रा, बाजूला ट्रकांचा धूर. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते शिवता शिवताच आडवे झाले. लोकांनी उचलून ट्रकच्या सावलीत निजवले, अंगावर पाणी ओतले. दिवस मावळायच्या आत सगळे संपले होते.

माझी बायको आत निघून गेली. मी डबा उचलला आणि बाबाजींच्या बायकोला एसटी स्टँडवर पोचवायला निघालो.

उमरेडची गाडी लागायला वेळ होता. बाकावर मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "मावशी, तो भुसा मीच टाकायला लावला होता. ते नको म्हणत होते. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

ती समोर बघत होती. "माहीत आहे. त्या दिवशी घरी येऊन सांगतलं न त्यायनं."

"मग ते कोणाला बोलले का नाहीत?"

"मीबी तेच म्हटलं, काहून नाही बोलले. तर म्हणे, साहेबाले तिथंच राहाचं आहे, रोज त्या लोकायचं तोंड पाहाचं आहे. आपल्याले काय, आपून दुसरं घर पाहू."

बाबाजींच्या बोलण्यातच ती हे बोलली, तोच ठेका, तोच सावकाशपणा. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेलो असतो. तिने पदराच्या टोकाने डब्यावरची धूळ तेवढी पुसली.

गाडी लागली. मी तिला खिडकीजवळ जागा धरून दिली आणि डबा तिच्या मांडीवर ठेवून खाली उतरलो. बाहेर उन्हाची झळ अंगावर येत होती, धूळ उडत होती. ती खिडकीची काच लावून घ्यायला बघत होती, पण काच अडकली होती. मी बाहेरून दोन्ही तळहात लावले आणि जोर केला. काच एकदम सरकून बंद झाली.

आतून ती मला काहीतरी म्हणाली. मला ऐकू आले नाही. मी हाताने खूण करून पुन्हा सांगा म्हणालो, तोवर गाडी हलली.