पत्त्यातली चूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून बसतो, तिथंसुद्धा मी दुसरंच काहीतरी कबूल करत असतो — रागावलो, कुणाला टाकून बोललो, असलं मोघम. तुम्हाला सांगणार आहे ते मोघम नाही. म्हणूनच कदाचित जीभ अडखळतेय.

माझी बायको अनिता नर्स आहे. मी पुणतांब्याच्या बाजूच्या एका शाळेत मराठी शिकवतो, घर कोल्हारला. चार वर्षांपूर्वी तिला इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली, तीन वर्षांच्या करारावर. तिनं आधी जायचं, जम बसवायचा, आणि मग तिच्या नोकरीच्या आधारावर मी आणि आमची ग्रेसी — तेव्हा नऊ वर्षांची — दोघांनी व्हिसा काढून जायचं, असं ठरलं. ठरवताना मीच जास्त उत्साहात होतो. खरंच होतो.

ती गेली आणि महिन्याभरानं दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ओट्यावर बसून म्हणाला, “आन् तू तिकडं जाऊन काय करनार? ती ड्युटीवर, अन् तू घरी भांडी घासनार व्हय?” सगळे हसले. मीही हसलो. पण त्या रात्रीपासून माझ्या मनात काहीतरी कुरतडायला लागलं. फॉर्म भरायला बसलो तर त्यात माझ्यासाठी एकच शब्द — डिपेंडंट. मराठीचा मास्तर मी, अर्थ लावल्याशिवाय राहवत नाही. अवलंबून असलेला. मुलीच्या नावापुढंही तोच शब्द, माझ्या नावापुढंही तोच.

तरी भरला. लग्नाचा दाखला, ग्रेसीचा जन्मदाखला, पुण्याला जाऊन टीबीची तपासणी, बोटांचे ठसे — सगळं केलं. अर्जाला ईमेल माझाच दिला होता. हे लक्षात ठेवा. कारण पुढचं सगळं त्यामुळंच जमलं मला.

अर्ज गेला आणि आम्ही वाट बघत होतो, त्या दिवसांतली गोष्ट. एका रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना मागून एक पुरुष हसला. मोकळा, घरातल्यासारखा. मी विचारलं, “कोण आहे?”

“थॉमसभाऊ. आमच्या वॉर्डातले, केरळचे. सामान हलवायला आलेत.”

“कसलं सामान?”

“अहो, खोली बदलतेय मी. सांगायचं राहिलं.”

सांगायचं राहिलं! नवऱ्याला न सांगता कुणी घर बदलतं? सहज बदलतं? पुढचे पंधरा दिवस मी तिचं प्रत्येक वाक्य तपासलं, मुलांच्या वह्या तपासतो तसं. फोन लवकर का ठेवला? दमले म्हणते, पण आवाज तर आनंदात आहे. कॅमेरा भिंतीकडंच का धरते? मागं बंद दार दिसतं ते कुठल्या खोलीचं? मी तिला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं, आणि मला उत्तर नको होतं — मला तिला पकडायचं होतं.

मग व्हिसाच्या निकालाचा ईमेल आला. त्यानंतर चारच दिवसांनी कुरिअरनं पासपोर्टही आले. दोन्ही पासपोर्टांत व्हिसा चिकटवलेला होता. माझाही, ग्रेसीचाही. तीन महिन्यांच्या आत तिथं पोहोचायचं, अशा तारखा त्यावर होत्या.

आणि मी अनिताला फोन करून सांगितलं, की व्हिसा नाकारला.

का? तेव्हा मी स्वतःला असं समजावलं, की ही फक्त परीक्षा आहे. तिला सुटल्यासारखं वाटतं का, एवढंच ऐकायचं. आवाजात जरा जरी हलकेपणा आला तर कळेल. दोन दिवसांनी खरं सांगून टाकू — गंमत केली म्हणू. मी फोन कानाला दाबून धरला होता. ती काहीच बोलली नाही. कितीतरी वेळ नुसती शांत. आणि मी — मला लाज वाटते सांगताना — मी ती शांतता तिच्याविरुद्ध धरली. रडली का नाही? म्हणजे आहेच काहीतरी.

मग तिनं हळूच विचारलं, “कारण काय दिलंय?”

कारणाचा मी विचारच केला नव्हता. तेवढ्यात तीच म्हणाली, “पत्ता... मी पत्ता जुना लिहिला का? हॉस्पिटलच्या पत्रात हॉस्टेलचा पत्ता राहिला असेल. मी मध्येच घर बदललं ना.”

“हो,” मी म्हणालो. “तेच लिहिलंय.”

इतकं सोपं होतं ते. तिनंच माझ्या हातात आणून दिलं.

पत्राचा फोटो पाठवा म्हणाली. चिडून फाडलं, असं सांगितलं. पुन्हा अर्ज करू म्हणाली. आता परीक्षा आहेत, मग मतदार याद्यांचं काम आलंय, मग आईची तब्येत — दर वेळी काहीतरी काढलं. पासपोर्ट शाळेतल्या माझ्या कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागं ठेवून दिले. व्हिसावरची शेवटची तारीख उलटली त्या दिवशी मी वर्गात समास शिकवत होतो. चांगला शिकवला.

इकडं ग्रेसी फोनवर यायची बंद झाली. “आईनं नेते म्हणून सांगितलं हुतं,” असं आजीला म्हणायची आणि मागच्या अंगणात निघून जायची. मी तिला समजावलं नाही. दहा महिन्यांनी अनितानं राजीनामा दिला, करार मोडला आणि परत आली. शिर्डीच्या विमानतळावर आम्ही घ्यायला गेलो, तेव्हा ग्रेसी तिच्यापासून दोन पावलं अलीकडंच थांबली. अनितानं ते पाहिलं. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, “माफ करा मला. एवढासा पत्ता मला नीट लिहिता आला न्हाई.” मी तिचा हात थोपटला.

त्याच आठवड्यात, ती आंघोळीला गेलेली असताना, मी तिचा फोन उघडला. अजून शोधतच होतो मी! थॉमस सापडला, एका फोटोत. एका लहान खोलीत तो आणि त्याची बायको एक छोटा पलंग जोडत होते. पलंगावर फुलाफुलांची चादर. बायकोच्या हातात स्क्रू, त्याच्या तोंडात पेन्सिल, दोघंही हसताहेत. खाली अनितानं मैत्रिणीला लिहिलं होतं — ग्रेसीची खोली. त्यांना आत्ताच सांगणार नाही, आल्यावर दाखवीन.

कॅमेरा भिंतीकडं का होता ते कळलं. आणि ते कळल्यावरही मी काही बोललो नाही. तेव्हा बोलता आलं असतं. तिनं नोकरी सोडून आठवडाही झाला नव्हता. मी फोन होता तसा उशीखाली ठेवला आणि शाळेत गेलो.

आता ती शिर्डी रस्त्यावरच्या एका लहान दवाखान्यात काम करते. कुणी इंग्लंडचं विचारलं की स्वतःच हसत सांगते, “माझा गोंधळ, बाकी काय.” संशय माझा गेला नाही, हेही सांगून टाकतो. फक्त बाजू बदलली. तिला कळलंय का? मध्येच माझ्याकडं अशी का बघते? पासपोर्टबद्दल एकदाही का विचारलं नाही? कधी वाटतं तिला सगळं ठाऊक आहे आणि ती वाट बघतेय. कधी वाटतं, छे, तिला तसलं सुचतच नाही. ते फक्त मला सुचतं.

गेल्या महिन्यात ग्रेसीचं आणि तिचं वाजलं. ग्रेसी आता तेरा वर्षांची आहे. निमित्त साधंच, मोबाईल हातातून काढून घेतल्याचं. पण पोरगी भडकली आणि म्हणाली, “तू बोलूच नकोस. एक पत्ता धड लिहिला असता तर मी आज कुठं असते!”

मी समोर जेवत होतो. अनिताच्या हातात भाकरी होती, ती तशीच राहिली. “हो गं,” ती म्हणाली. “चुकलं माझं.”

ग्रेसीनं माझ्याकडं पाहिलं. मी घास गिळला, आणि शांतपणे, वडिलांनी बोलावं तसं बोललो —

“जाऊ दे बाळा. माफ कर आईला.”

पोरीनं केलं. उठून आईच्या गळ्यात पडली. अनितानं तिच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहिलं — कृतज्ञतेनं. मी ताटातली भाकरी मोडली आणि जेवण संपवलं.